घड्याळजी काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले व दुकानाचे नाव कुठेही येऊ नये, ही आपली अट पाळूनच हे पत्र लिहीत आहे. तरीही ते जाहीरपणे लिहावेसे वाटले. जुनी यांत्रिक घड्याळे मिळवायची, आपल्यासारख्या जाणकाराकडून त्यांचे सर्व्हिसिंग करून घ्यायचे आणि ऑनलाइन लिलावात ती परदेशी संग्राहकांना विकायची, असा जोडधंदा करणारे पुण्यात माझ्याखेरीजही आहेत, आणि खरेदीदाराने फसवले तर दाद मागायची कुठे, हा प्रश्न त्यांनाही कधी ना कधी पडतोच.

प्रकरण आपल्याला ठाऊक आहे; वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 1960 च्या दशकातील एक ओमेगा सीमास्टर (स्विस मनगटी घड्याळ), आतले मशीन 552 क्रमांकाच्या प्रकारचे, 24 ज्युएल्सचे (म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे), आपल्या हातून साफ होऊन नीट चालू झालेले, मी एका लिलाव-संकेतस्थळावर ठेवले आणि ते अमेरिकेतील एका ग्राहकाने चांगली बोली लावून घेतले. पार्सल पोहोचल्याची नोंद झाली आणि पाठोपाठ त्याची तक्रार आली की घड्याळ मध्येच बंद पडते, आत गंज आहे आणि विक्रेत्याने वर्णनात खोटे लिहिले आहे. सोबत एक धूसर छायाचित्र होते. अशा तक्रारीवर रक्कम रोखून धरली जाते आणि परतीचा खर्चही विक्रेत्याच्याच माथी येतो. या नियमाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. वस्तू हातात न घेता आधी पैसे मोजणाऱ्या माणसाला काहीतरी संरक्षण हवेच. मात्र तक्रार करणारा खरे बोलतो, असे आधीच धरून चालल्यामुळे खोटे बोलणाऱ्याची आपोआप सोय होते.

परत आलेले पार्सल घरी उघडू नकोस, आहे तसे सीलबंद घेऊन ये, असे आपण दूरध्वनीवर सांगितलेत, आणि माझ्या मते सारे प्रकरण त्या एका वाक्याने वाचले. दुकानात आपण आधी पार्सल तोलकाट्यावर ठेवलेत, कुरिअरच्या चिठ्ठीवरचे वजन व काट्यावरचा आकडा एकाच चौकटीत येतील असा मोबाइल मला धरायला लावलात आणि चित्रीकरण न थांबवता चिकटपट्टी कापलीत. घड्याळ बाहेरून तेच होते. तीच डायल, तीच केस, बारा आणि एक यांच्यामधला तोच फिकट डाग. पण मागचे झाकण फिरवण्याच्या खाचेजवळ एक नवा ओरखडा होता, आणि तो बोटाने दाखवून आपण काहीही न बोलता झाकण उघडलेत. झाकणाच्या आतल्या बाजूला सर्व्हिसिंगच्या वेळी आपण सुईने कोरलेली बारीक खूण जागेवर होती. खाली मात्र रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरून घड्याळाला चावी देणारे वजन, एका बाजूला कलून घासत होता, स्क्रूंच्या खाचा सोलवटलेल्या होत्या आणि त्या मशीनची तांबूस झळाळी काळवंडली होती. डोळ्याला भिंग लावून आपण क्षणभर पाहिलेत आणि म्हणालात, “हे माझ्या हातून गेलेलं मशीन नाही.”

कॅलिबर, म्हणजे मशीनचा प्रकार, तोच, 552. म्हणजे हा उद्योग करणाऱ्याला घड्याळांतले कळत होते. मरायला टेकलेले मशीन त्याच्याकडे आधीच असावे, आणि चांगले मशीन फुकटात मिळवण्यासाठी त्याने माझे घड्याळ जिंकले असावे. पण त्या काळातील ओमेगाच्या मशीनवर प्रत्येकाचा स्वतंत्र अनुक्रमांक कोरलेला असतो, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक किमती घड्याळाचा हा क्रमांक, गिऱ्हाइकाने मागितला असो वा नसो, आपण आपल्या जाड नोंदवहीत लिहून ठेवता, हे त्याला कुठून माहीत असणार? आपण ते पान काढलेत. तारीख, केसचा क्रमांक, मशीनचा क्रमांक, बदललेल्या स्प्रिंगची नोंद, खाली माझी सही. दोन क्रमांकांतले तीन आकडे वेगळे होते.

एवढ्यावर न थांबता आपण लेटरहेडवर, आपल्या पद्धतीच्या नेमक्या इंग्रजीत, कोणते मशीन आपण दुरुस्त केले आणि कोणते परत आले, हे लिहून सहीशिक्क्यानिशी दिलेत. पहिला निर्णय ग्राहकाच्या बाजूने लागला होता. फेरविचाराच्या अर्जासोबत ते पत्र, वहीचे पान, विक्रीच्या वेळची छायाचित्रे आणि ते चित्रीकरण जोडल्यावर तो फिरला आणि रोखलेली रक्कम मला मिळाली. मूळ मशीन अर्थातच गेले ते गेलेच.

असे लोक लिलाव सुरू झाल्यापासून आहेत, असे आपण म्हणालात ते खरेच आहे. ईबे हे लिलाव-संकेतस्थळ 1995 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे एकमेकांविषयी अभिप्राय देण्याची सोय झाली. 2008 मध्ये विक्रेत्यांनी खरेदीदाराला वाईट शेरा देण्याची मुभा त्यांनी काढून घेतली. प्रतिकूल अभिप्राय देणाऱ्या ग्राहकावर विक्रेते उलट सूड उगवत, म्हणून. कारण रास्त होते, परंतु तेव्हापासून नुसते शेरे पाहून लबाड ग्राहक ओळखण्याचा मार्ग विक्रेत्याला राहिला नाही.

नोंदवही प्रत्येक डावावर चालत नाही, हेही आपणच बजावलेत. एक साथीदार सुरुवातीलाच अवाच्या सवा बोली लावून इतरांना पळवून लावतो, शेवटाच्या सुमारास ती मागे घेतो आणि वस्तू दुसऱ्या साथीदाराच्या क्षुल्लक बोलीला जाते. तेथे मशीनचा क्रमांक काय करणार? वस्तू ठेवून घेऊन बँकेकडे कार्डाचा व्यवहार नाकारणारे आहेत. पैसे जमा झाल्याचा बनावट ईमेल पाठवून पार्सलचा क्रमांक आधी मागणारे आहेत. आपल्याकडे तर जुना सोफा विकणाऱ्याला ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवून यूपीआय पिन टाकायला लावणारेही उदंड आहेत, आणि पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे गेल्या महिन्यात आपण दुकानात एका आजोबांना चहा पाजून समजावत होता ते मी ऐकले आहे. त्यांचे पैसे गेले होतेच. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांकही आपणच त्यांना फिरवून दिलात.

ते बिघडलेले घड्याळ मी आपल्याकडेच ठेवले आहे, सुटे भाग कुणाच्या तरी कामी येतील. त्या पत्राचे आणि आपल्या वेळेचे पैसे आपण घेतले नाहीत, तो विषय मी संपलेला मानत नाही. पुढच्या आठवड्यात दोन घड्याळे सर्व्हिसिंगला आणत आहे. वहीत क्रमांक लिहाल तेव्हा शेजारी मागची बाकीही लिहावी, ही विनंती.

आपला नम्र,
पुण्यातील एक विक्रेता