रूट कॅनालचे संशोधन काढलेल्या दातांवरच अडकले आहे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

‘लेझरने रूट कॅनाल’, ‘एकाच बैठकीत, वेदनेविना’ अशा जाहिराती सध्या सर्रास दिसतात. त्या वाचून यंत्र जितके नवे तितका दात टिकाऊ असा समज होतो. हे उपचार करणारे आणि शिकवणारे म्हणून आम्हाला सांगावेसे वाटते की दात कशाने टिकतो हे शोधणारे काम आपल्या महाविद्यालयांत फार थोडे होते. जे होते त्यातले बरेचसे काढून टाकलेल्या दातांवर, प्रयोगशाळेत होते.

१९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून नस उघडी केली. साध्या उंदरांची नस सडली आणि मुळाशी गळू झाले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या नसेवर मात्र नव्या कठीण थराचा पूल तयार झाला. मुळाशी होणारा आजार जंतूंचा आहे हे तेव्हाच स्पष्ट झाले. पुढे २००१ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म सीटी स्कॅनने दाखवले की फाईल (नलिका खरवडणारी सुईसारखी बारीक कानस) कोणतीही वापरा, मुळातल्या नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग तिला शिवतच नाही. फाईलचे काम वाट करून देण्याचे. सफाई करते ते धुण्याचे द्रावण.

तो भार प्रामुख्याने सोडियम हायपोक्लोराइटवर असतो, कारण जंतू मारणारे आणि नसेचे मेलेले तंतूही विरघळवणारे तसे दुसरे द्रावण रोजच्या वापरात नाही. ०.५ पासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत ते वापरतात. रोहतकच्या पदव्युत्तर दंतविज्ञान संस्थेने प्रत्यक्ष रुग्णांवर १ टक्का आणि सुमारे ५ टक्के अशी तुलना करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षभरानंतर मुळाशी हाड भरून येण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. असे काम हवे. याला जोडून विचारायचा प्रश्न असा की बाटलीवर छापलेली तीव्रता बाटलीत उरलेली असते का? उजेड, उष्णता आणि हवा यांनी त्यातला जंतू मारणारा क्लोरीन घटत जातो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खिडकीजवळ ठेवलेल्या, वारंवार उघडल्या जाणाऱ्या बाटलीची अवस्था काय होत असेल? त्यात कुठे कुठे अंदाजाने नळाचे पाणी मिसळून ते पातळ केले जाते. उपलब्ध क्लोरीन मोजायला आयोडीन-थायोसल्फेटचे साधे टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण मिसळून मोजण्याची चाचणी) पुरते, ते कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात होते. एका जिल्ह्यातल्या दवाखान्यांतून उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात नमुने गोळा करून कोणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते तपासले, तर पाच कंपन्यांच्या फाईलींची तुलना करणाऱ्या प्रबंधापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

धुण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. सुई ३० गेजची, म्हणजे अगदी बारीक, आणि बाजूला छिद्र असलेली हवी. ती नलिकेत कुठेही न अडकता, मुळाच्या टोकापासून सुमारे २ मिलिमीटर अलीकडे राहिली पाहिजे. द्रावण हळू सोडायचे आणि सुई सतत वरखाली हलवत राहायची. सुई अडकली आणि दट्ट्या जोरात दाबला, किंवा मुळाचे टोक उघडे असले, तर हायपोक्लोराइट मुळाबाहेर हाडात जाते. मग भूल दिलेली असूनही रुग्णाला अचानक तीव्र कळ येते, काही मिनिटांत गाल सुजतो, नलिकेतून रक्त येते, पुढे चेहऱ्यावर काळेनिळे डाग पडतात. शेवटी १७ टक्के ईडीटीए हे दुसरे द्रावण सुमारे मिनिटभर ठेवले की फाईलने भिंतीवर थापलेला चुऱ्याचा थर निघतो. पण ईडीटीए आणि हायपोक्लोराइट नलिकेत एकत्र आले की क्लोरीन खर्च होऊन जातो. हायपोक्लोराइटवर थेट क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक टाकले तर तपकिरी-नारिंगी साका बसून भिंतीतली सूक्ष्म छिद्रे बुजतात. म्हणून दोन द्रावणांच्या मध्ये सलाइनने धुवायचे. आणि या सगळ्याच्या आधी रबर डॅम. १८६४ सालापासून असलेले हे रबराचे पातळ कापड लाळेतले जंतू आत जाऊ देत नाही आणि फाईल घशात पडू देत नाही. तैवानमध्ये पाच लाखांहून अधिक दातांच्या विमा नोंदी तपासल्या तेव्हा डॅम लावलेले दात थोड्या पण निश्चित फरकाने जास्त टिकलेले दिसले. तरीही वेळ जातो म्हणून तो सर्रास वगळला जातो, याची आम्हाला खंत आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. वेड्यावाकड्या दातांच्या उपचारासाठी काढलेल्या, सरळ आणि एकाच मुळाच्या उपदाढा घ्यायच्या, वरचा भाग कापून टाकायचा, वीस-वीसचे गट करायचे आणि मोजमाप करायचे, अशी ही ठरलेली पद्धत. प्रत्यक्षात दवाखान्यात हाल होतात ते वरच्या पहिल्या दाढेत. तिच्या पुढच्या गालाकडील मुळात बहुधा दुसरी नलिका असते, तिचे तोंड दंतिनाच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) कडेखाली दडलेले असते, आणि ती सापडली नाही तर बाकी सगळे नीट करूनही दाढ ठणकत राहते. फाईल किती फेऱ्यांनी तुटते हे बऱ्याचदा खोलीच्या तापमानाला, पोलादी खाचेत फिरवून मोजतात. फाईल ज्याची बनते त्या उष्णताप्रक्रिया केलेल्या निकेल-टायटॅनियमचे गुण तापमानानुसार बदलतात. शरीराच्या ३७ अंशांना तीच फाईल पुष्कळ लवकर तुटते, त्यामुळे थंड खोलीतले आकडे दिशाभूल करतात. रंगीत द्रव भरलेल्या मुळात किती झिरपतो या गळती-चाचण्यांच्या उपयुक्ततेवर तर ‘जर्नल ऑफ एंडोडाँटिक्स’च्या संपादक मंडळाने २००७ मध्येच प्रश्न उभा केला होता. त्या चाचण्या आपल्याकडे अजूनही होतात.

साहित्याविषयी थोडक्यात. १९९३ मध्ये टोराबिनेजाद यांच्या गटाने मांडलेल्या एमटीए या सिमेंटने मुळाला पडलेली भोके बुजवण्याचे काम खरोखर बदलले. त्याच कुळातले कॅल्शियम सिलिकेटचे ‘बायोसिरॅमिक’ सीलर (नलिकेतल्या भरणाच्या फटी बुजवणारे लुकण) आता जोरात आहेत. ते ओलाव्यावर घट्ट होतात, म्हणून नलिका अल्कोहोलने खडखडीत वाळवणे चुकीचे. रुग्णांवरच्या चाचण्यांत ते जुन्या इपॉक्सी रेझिन सीलरच्या जवळपास बरोबरीने चालतात, सरस ठरल्याचे चित्र नाही. पुन्हा उपचार करायची वेळ आली, आणि भरण टोकाच्या अलीकडेच थांबलेले असले, तर हा कडक थर फोडून टोकापर्यंत पोहोचणे अवघड जाते. जास्तीचे पैसे मागताना रुग्णाला हेही सांगायला हवे.

वरून दात कसा बुजवला याकडे तर सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी १,०१० दातांचे एक्स-रे पाहून वरचे भरण मुळातल्या भरणापेक्षाही महत्त्वाचे असल्याचे म्हटले. २००० साली नॉर्वेतल्या गटाला उलटे दिसले. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दोन्ही लागतात असे निघाले. अमेरिकेत २००४ साली विम्यातल्या १४ लाखांहून अधिक दातांची पाहणी झाली. आठ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडात होते, आणि जे काढावे लागले त्यांतल्या ८५ टक्के दातांवर कॅप नव्हती. दुखणे थांबले की कॅप पुढे ढकलणाऱ्या रुग्णांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

नस अजून जिवंत असेल तर पूर्ण रूट कॅनाल दर वेळी लागतेच असेही नाही. इराणमध्ये आणि रोहतकमध्येही प्रौढ दाढांवर फक्त वरची नस काढून मुळातली राखण्याचे चांगले अनुभव आले आहेत. हायपोक्लोराइटचा बोळा ठेवून पाच-दहा मिनिटांत रक्त थांबले, तर त्यावर सिमेंटचा दोन-तीन मिलिमीटरचा थर आणि त्याच दिवशी पक्के भरण. रक्त थांबलेच नाही तर मुळातली नसही सुजलेली आहे असे समजून रूट कॅनालकडे वळायचे. फेऱ्या आणि खर्च परवडत नाही म्हणून ग्रामीण भागात ज्या दाढा उपटल्या जातात, त्यांतल्या काही यातून वाचू शकतात. तालुक्याच्या रुग्णालयात ही पद्धत कितपत टिकते, हे महाराष्ट्रात तपासलेच पाहिजे.

आमची सूचना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आहे. यशाचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जाते का हे खात्रीने कळायला प्रत्येक गटात सुमारे ७०० दात लागतात. एकट्या विद्यार्थ्याला ते शक्य नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा सर्व ठिकाणच्या विभागांनी एकच नमुना अर्ज, एकच धुण्याची पद्धत आणि एक्स-रेचा एकच कोन ठरवावा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने रुग्ण नोंदवावेत आणि एका वर्षाने तपासावेत. पुढची चार वर्षांपर्यंतची तपासणी त्याच यादीवरून खालच्या तुकडीने करावी. दुखत नसताना कोणी तपासायला येत नाही, म्हणून फोन करण्याची जबाबदारी ठरलेल्या माणसावर असावी आणि एसटीचे भाडे संशोधनाच्या खर्चात धरावे. पहिला रुग्ण घेण्याआधी ‘सीटीआरआय’ या रुग्णांवरील चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करणे २०१८ पासून आवश्यकच आहे. तिथे आधी नोंदवलेल्या निकषांवरचे निकाल, दात काढावा लागलेल्या रुग्णांसह, पूर्ण प्रसिद्ध व्हावेत.

आपले,
रूट कॅनाल उपचार शिकवणारे दोन दंतवैद्य, पुणे