दोन सेव्ह कमी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन बातम्या एका दमात दिल्यास. बेसबॉलच्या कोचने तुला स्टार्टरमधून, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरमधून, काढून बुलपेनमध्ये, म्हणजे मागाहून चेंडू फेकायला उतरणाऱ्यांत टाकलं, ही तुझ्या लेखी मोठी. सुट्टीत वजनी, म्हणजे नेहमीपेक्षा जड चेंडू फेकण्याचा कोर्स करायचाय, काहीही करून ताशी ९५ मैल वेग गाठायचाय, आणि कोपर आतून जरा ओढल्यासारखं होतंय, हे जाता जाता. मला ही दुसरी बातमी मोठी वाटते. टेक्स्टवर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. रविवारच्या मराठी शाळेचा आता तरी उपयोग कर. अडलास तर आजीला फोन लाव, तिला तेवढंच निमित्त.

आधी बुलपेनचं. तू रांगत होतास तेव्हा बाबा मला शे स्टेडियमला ओढून न्यायचा, पार वरच्या स्वस्त सीटवर. मला तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नवव्या, शेवटच्या इनिंगला मेट्सचा बिली वॅग्नर आला की मी खायचं बाजूला ठेवायची. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे त्या ताडमाड लोकांत बुटकाच. पाय उचलायचा, कंबर फिरायची आणि सगळ्यात शेवटी हात यायचा. लोक चेंडू बघायचे, मी कोपर बघायची. दुखरी कोपरं बघणं हा धंदाच माझा.

हा मूळचा उजवा, हे मला फार नंतर कळलं. व्हर्जिनियातल्या गरीब घरातलं पोर, लहानपणी उजवा हात दोनदा मोडला, म्हणून डाव्याने फेकायला लागला. जेवतो, लिहितो अजून उजव्यानेच. कॉलेज कुठलं, तर फेरम. तेव्हा तेही तुझ्यासारखंच डिव्हिजन थ्री, कॉलेजच्या खेळातली खालची पायरी. तिथून १९९३ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत, बाराव्या क्रमांकावर उचललं. मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगमध्ये तो स्टार्टर होता. १९९६ मध्ये अॅस्ट्रोजने त्याला बुलपेनमध्ये आणलं आणि मग तो तिथलाच झाला. तेव्हा तुझ्या कोचने जगावेगळं काही केलेलं नाही.

आणि बुलपेन म्हणजे उरलेल्यांची खोली, असं तू जे म्हणालास ना, त्यावर एक मॅच शोधून बघ. ११ जून २००३, यांकी स्टेडियम. अॅस्ट्रोजचा स्टार्टर रॉय ओसवॉल्ट दुसऱ्याच इनिंगला दुखापत होऊन बाहेर गेला. बुलपेनमधून एकामागून एक पाच जण आले आणि यांकीजना अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट मिळाली नाही. शेवटची इनिंग वॅग्नरची.

हेही सांगते, की त्या कामात लपायला जागा नसते. २००६ च्या ऑक्टोबरात कार्डिनल्सविरुद्ध ६-६ अशी बरोबरी होती. नवव्या इनिंगला वॅग्नर आला आणि सो तागुचीने, एरवी फारसे होमरन न मारणाऱ्या माणसाने, त्याचा चेंडू भिंतीपलीकडे टाकला. मेट्स ९-६ ने हरले. बाबा त्या रात्री जेवला नाही. वॅग्नरला मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा बुलपेनमध्येच जाऊन बसावं लागलं असणार, कारण मैदानात बोलावणारा फोन कधी वाजेल याचा नेम नाही. तुझा स्वभाव एक वाईट इनिंग आठवडाभर चघळत बसण्याचा आहे. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ.

आता कोपर.

वेगाचा विषय निघाला की बाबा शोएब अख्तर काढतो. फेब्रुवारी २००३, केपटाउन, ताशी १६१.३ किलोमीटर, म्हणजे शंभर मैलांच्या किंचित वर. त्याच वर्षी वॅग्नरही शंभरी ओलांडत होता. पण शोएब लांबून पळत यायचा, वॅग्नर उभ्या जागी एक ढांग टाकून तेवढा वेग काढायचा. शिवाय क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर तो फेकी ठरतो. तुमच्या खेळात सगळी ताकद त्या वाकलेल्या कोपराच्या उलगडण्यात. त्या क्षणी आतल्या बाजूला जो ताण येतो तो झेलतो जेमतेम दोन पेरं लांबीचा एक अस्थिबंध. स्नायू व्यायामाने वाढवता येतात, तो वाढत नाही.

वॅग्नरचा २००८ मध्ये फाटला. वय ३७. टॉमी जॉन सर्जरी झाली. दुसरीकडची कंडरा काढून कोपरात बसवायची ही शस्त्रक्रिया १९७४ पासून होते आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये तो परत आला, हे ऐकायला सोपं वाटतं. माझ्याकडे येतात ना अशी पोरं. हात पूर्ण सरळ करायला कित्येक आठवडे लागतात, चेंडू फेकायची परवानगी त्यानंतर, काही महिन्यांनी. एका मुलाच्या आईने मला विचारलं होतं, आधीच करून घेतली तर वेग वाढतो का हो? मी दोन मिनिटं तिच्याकडे बघतच राहिले.

वजनी चेंडूंबद्दल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हायस्कूलच्या पिचर्सना सहा आठवडे ते चेंडू दिले होते. वेग वाढला, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या जवळजवळ पाव मुलांना दुखापत झाली, आणि साध्या सरावाच्या गटात एकालाही नाही. मेजर लीगने २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्वतःचाच अहवाल काढला, त्यातही वेगाच्या मागे लागणं आणि प्रत्येक चेंडू जीव खाऊन टाकणं यांच्याकडेच बोट आहे. बुलपेनच्या माणसाला तर एकच इनिंग टाकायची असते, म्हणून तो राखून ठेवतच नाही. तू आता त्या गटात गेलास, म्हणून मला जास्त घोर.

वॅग्नर मला आवडतो तो २०१० साठी. शिवलेलं कोपर, ३९ वं वर्ष, अटलांटा ब्रेव्ह्ज. ३७ सेव्ह, म्हणजे संघाची थोडकी आघाडी शेवटपर्यंत राखून दिलेल्या मॅच, आणि ६९ इनिंगमध्ये १०४ स्ट्राइकआउट. सीझन चालू असतानाच सांगून टाकलं होतं की हे शेवटचं, घरी चार मुलं आहेत. कारकिर्दीतल्या सेव्ह झाल्या ४२२. डावखुऱ्यांचा विक्रम जॉन फ्रँकोचा, ४२४. दोन कमी! पुढच्या एप्रिलात पंधरवड्यात झाल्या असत्या. नाही आला. त्याची फळंही भोगली. एकूण इनिंग जेमतेम ९०३, एवढ्याशा कामाला हॉल ऑफ फेम, बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मान, कसा द्यायचा, म्हणून वर्षानुवर्षं अडला. पहिल्या वर्षी १०.५ टक्के मतं, २०२४ मध्ये पाच मतांनी हुकला, आणि दहाव्या, शेवटच्या संधीला, २०२५ मध्ये ८२.५ टक्क्यांनी आत गेला. मधल्या काळात तो व्हर्जिनियातल्या एका शाळेत पोरांना बेसबॉल शिकवत होता. त्याचा मुलगा विल पुढे मेजर लीगमध्ये खेळला.

तुझे ९५ मैल त्या दोन सेव्हसारखेच आहेत. आले तर आले. ९१ वरही बॅटर फसतात, तुझा स्लायडर, तो बाजूला वळणारा चेंडू, चांगला आहे हे तुझा कोचच म्हणाला होता.

पत्र वाचून झालं की एक कर. कोपर काटकोनात वाकव. आतल्या बाजूला हाडाचं टोक लागतं, त्याच्या बोटभर खाली दाब. दुखतं ते नेमकं तिथे, की पुढे हाताच्या स्नायूत? करंगळीला मुंग्या येतात का? शहाणपणा न करता जे असेल ते आजच कळव. थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हाची एमआरआयची वेळ मी घेऊन ठेवली आहे. तोवर चेंडू फेकायचा नाही, पळ, पायाचा व्यायाम कर, काय हवं ते कर. कोर्सचे पैसे भरले नसशील तर भरू नकोस, भरले असशील तर गेले असं समज.

कोचला तूच सांग. आईने फोन केलेला तुला आवडणार नाही हे मला माहीत आहे. सोमवारपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी करणार आहे.

तुझी,
आई