पोटगीचा हिशेब सातबाऱ्यावर सापडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घटस्फोटानंतरच्या पोटगीचा विषय निघाला की बायका लुबाडतात की पुरुष अंग काढून घेतात, एवढ्यावरच भांडण होतं. मी राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात तीस वर्षं पोस्ट सांभाळलं. पोटगीच्या मनीऑर्डरी माझ्या हातून गेल्या, वकिलांच्या आणि कोर्टाच्या नोटिसाही गेल्या. एवढं पाहिल्यावर माझं मत झालं आहे की सध्याच्या पद्धतीत दोघांनाही खोटं बोलणं परवडतं आणि खरं बोलणं महाग पडतं. त्यात भरडतं ते पोर.

नोटिशीपासूनच बघा. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन जायचा तेव्हा ज्याच्या नावाची नोटीस तो नवरा मागच्या पडवीत असायचा आणि त्याची आई पुढच्या दारात येऊन सांगायची, ‘तो मुंबईला गेलाय.’ शेरा मारून पत्र परत. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, पोटगीचा निर्णय व्हावा, असं कायदा म्हणतो. पण नोटीसच बजावली गेली नाही, तर ते साठ दिवस सुरू तरी कुठून होणार? पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं, हे चांगलंच झालं. तरी शाळेची फी या जूनमध्ये भरायची असते, निकाल लागेल तेव्हा नव्हे.

खरी मेख उत्पन्नाची आहे. माझ्या भाचीच्या खटल्यात नवऱ्यानं कोर्टात सांगितलं की माझ्या नावावर काही नाही. कागदावर ते खरंही होतं. सातबारा सामाईक, त्यावर आजोबांपासूनची अकरा नावं. होडी भावाच्या नावावर. हापूसची कलमं दरवर्षी खंडानं, म्हणजे ठरावीक रकमेला हंगामापुरती दुसऱ्याला, दिली जातात आणि पैसे रोख येतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. त्याच २०२० च्या निकालानं दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं आहे. पण त्या कागदावर ‘मजुरी, महिना आठ हजार’ लिहिणाऱ्याची बाग बघायला कोणी येत नाही. खंड कोणी घेतला, पेट्या किती गेल्या, हे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. कोर्टाच्या फायलीत त्यातलं अक्षरही नसतं.

आता दुसरी बाजू. आमच्याच वाडीतला एक चाकरमानी मुंबईत पगारी नोकरीत आहे. त्याची सॅलरी स्लिप कोर्टासमोर आली आणि आकडा पैशापर्यंत ठरला. तो दर महिन्याला पैसे भरतो, आईचं औषधपाणी बघतो, गणपतीला येतो तेव्हा मुलीला भेटायला मिळेल की नाही याची वाट बघतो. त्याच्यावर अन्याय होतो असं मी म्हणेन. पोटगी जास्त आहे म्हणून नाही, तर त्याच्या दुप्पट कमावणारा बागायतदार त्याच्या निम्मी देतो म्हणून. मुलीची भेटही पैशाला बांधू नये. पैसे थकले म्हणून भेट अडवू नये आणि भेट नाही म्हणून पैसे अडवू नयेत.

आणि बायकांचं? माझी भाची काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाते. किलोवर मजुरी. सुरुवातीला तिला शेजारणींनीच सांगितलं, जाऊ नकोस, पोटगी कमी होईल. ती वर्षभर घरी बसली. बाई कमावू शकते आणि बाई कमावते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच म्हटलं आहे. पण गावातल्या बाईपर्यंत ते पोहोचत नाही, तिच्यापर्यंत भीती पोहोचते. थोडी कमाई सुरू केली म्हणून लगेच पोटगीला कात्री लागणार नाही, हे तिला हुकुमातच लिहून मिळायला हवं. लपून मजुरीला जाण्याची पाळी कुठल्याच बाईवर येऊ नये.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीला पाचशे रुपयांची मर्यादा होती. केंद्रानं २००१ मध्ये कमाल मर्यादाच काढून टाकली. पण ठरलेला आकडा महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. वाढवून घ्यायला नवा अर्ज, नवी तारीख, पुन्हा एसटीनं तालुक्याला खेप आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. थकबाकीसाठी वॉरंट हवं तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. तुरुंगात जाऊन आलं तरी थकबाकी फिटत नाही, हे खरं. पण बाई दमून अर्ज करायची राहिली, तर जुन्या महिन्यांसाठी ते वॉरंटही मिळत नाही. टाळणाऱ्याला हे गणित पाठ असतं.

मला वाटतं, मुलाचा आकडा बायकोच्या आकड्यापासून वेगळा लिहावा आणि दरवर्षी किती वाढायचा तेही हुकुमातच असावं. आमच्याकडे पैसा दरमहा येत नाही. आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग हंगामात एकरकमी जमा करून घ्यायला काय हरकत आहे? आणि बागेचा खंड, होडीचा वाटा याबद्दल तलाठी किंवा मच्छीमार सोसायटीकडून माहिती मागवण्याची जबाबदारी त्या एकट्या बाईवर टाकू नये, कोर्टानंच ती मागवावी.

भाचीचा मुलगा येत्या जानेवारीत अठरा वर्षांचा होतो. पोटगीच्या या फौजदारी कायद्यात धडधाकट मुलाची पोटगी सज्ञान होताच थांबते. अविवाहित मुलीला निदान १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा आधार आहे, मुलाला तोही नाही. त्याची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. पुढे त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं आहे. फॉर्म भरायचा का, असं तो मला परवा विचारत होता. मी भर म्हटलं.

आपला,
एक निवृत्त पोस्टमास्तर
ता. राजापूर, जि. रत्नागिरी