कोबे म्हणून कागोशिमाचे बीफ वाढल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय: आपल्या सिंगापूर शाखेत मेनूतल्या नावाप्रमाणे न दिलेला व चुकीचा भाजलेला स्टेक, ४०२.८६ सिंगापूर डॉलर परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

गेल्या शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आपल्या सिंगापूर शाखेत ‘कोबे बीफ ए५ स्ट्रिपलॉइन’ (पाठीकडच्या भागाचा स्टेक) २०० ग्रॅम मागवले होते. मेनूतला भाव १०० ग्रॅमला १६८ डॉलर, म्हणजे ३३६ डॉलर झाले. त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि या बेरजेवर ९ टक्के जीएसटी लावून ४०२.८६ डॉलर घेतले गेले. शाखेला त्याच वेळी सांगितले, दुसऱ्या दिवशी ईमेलही केला. पुढच्या भेटीत माचा आइस्क्रीम मोफत देऊ, एवढेच उत्तर आले. प्रश्न आइस्क्रीमने मिटणारा नाही, म्हणून मुख्य कार्यालयाला थेट मराठीत लिहीत आहे.

पहिली आणि सगळ्यात गंभीर बाब नावाची. कोबे हे चांगल्या वाग्यूचे, म्हणजे जपानी जातीच्या गुरांच्या मांसाचे, सरसकट नाव नाही. जपानच्या ह्योगो प्रांतात जन्मलेले, तिथेच वाढवलेले, ताजिमा या वाग्यू वंशाचे जनावर तिथल्याच कत्तलखान्यात कापले गेले आणि प्रतवारीच्या अटींत बसले, तरच ते कोबे. मार्बलिंगचा, म्हणजे मांसात पसरलेल्या चरबीच्या रेषांचा, बीएमएस आकडा किमान ६ लागतो. या अटी सांभाळणारी संघटना १९८३ पासून काम करते आहे. बाकी सगळे, कितीही उत्तम असले तरी, वाग्यूच.

टेबलावर पुरावा म्हणून जे कार्ड दाखवले, त्यावर जनावराचा दहा अंकी ओळख क्रमांक होता. जपानमध्ये प्रत्येक गुराला असा क्रमांक असतो. २००३ च्या कायद्याने तो मांस विक्रीपर्यंत जपावा लागतो आणि सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. तो टाकल्यावर जात काळी वाग्यू आली, पण जन्म, संगोपन आणि कत्तल तिन्ही कागोशिमा प्रांतात, ह्योगोपासून शेकडो किलोमीटर दूर. कोबे संघटनेच्या संकेतस्थळावर हाच क्रमांक शोधला तर नोंदच सापडत नाही. दोन्ही पानांचे फोटो जोडले आहेत.

कागोशिमाचे वाग्यू हलके नाही, हे मुद्दाम लिहितो. पण आपल्याच मेनूत ते १०० ग्रॅमला ११८ डॉलर दराने वेगळे लिहिले आहे. म्हणजे फरक कंपनीला माहीत आहे आणि तो १०० ग्रॅममागे ५० डॉलर आहे. २०० ग्रॅमवर, सेवाशुल्क आणि जीएसटी धरून, हा फरक ११९.९० डॉलर होतो.

‘ए५’ बद्दलही खुलासा हवा. त्यातला ‘ए’ खाटकाच्या कामाचा: जनावरापासून विकण्याजोगे मांस किती निघते ते तो सांगतो. चवीशी त्याचा संबंध नाही. ‘५’ हा दर्जा मार्बलिंग, मांसाचा रंग, घट्टपणा व पोत, आणि चरबीचा रंग व प्रत या चार गोष्टींतल्या सगळ्यात कमी गुणावर ठरतो. शिवाय दर्जा ५ मध्ये बीएमएस ८ पासून १२ पर्यंत सगळे येते आणि ८ व १२ यांत खाताना मोठा फरक पडतो. ओळख क्रमांकाच्या नोंदीत दर्जा नसतो, तो प्रतवारीच्या दाखल्यावर असतो. तो दाखला मागूनही मिळाला नाही. याच मेनूत ‘ऑस्ट्रेलियन वाग्यू ए५’ अशीही ओळ आहे. ऑस्ट्रेलियात मार्बलिंग ० ते ९ अशा वेगळ्याच मापाने मोजतात, तिथल्या मांसाला जपानी ए५ मिळतच नाही. ही ओळ तपासल्याशिवाय छापली गेली, हे उघड आहे.

आता भाजण्याबद्दल. ऑर्डर ‘मीडियम रेअर’ची, म्हणजे आतून गुलाबी राहील एवढेच भाजण्याची, होती. एवढी चरबी असलेल्या मांसाला हीच पायरी योग्य: अगदी रेअर (जवळजवळ कच्चे) ठेवले तर आतली चरबी वितळत नाही आणि मेणासारखी लागते, जास्त भाजले तर ती सगळी बाहेर वाहून जाते. वाग्यूची चरबी साध्या बीफच्या चरबीपेक्षा कमी तापमानाला वितळते, त्यामुळे चूक व्हायला वेळ लागत नाही. अडीच सेंटिमीटर जाडीचा तुकडा कागदाने कोरडा टिपून, मीठ लावून, त्याच्याच चरबीच्या तुकड्याने पुसलेल्या कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी साधारण दीड-दीड मिनिट भाजावा. मध्यभाग ५० ते ५२ अंश सेल्सियसला आला की उतरवावा आणि तीन-चार मिनिटे तसाच ठेवावा. तेवढ्यात तो आपोआप ५४-५५ पर्यंत चढतो. मग कापून कोमट ताटलीत वाढावा.

आपल्याकडे तो स्वयंपाकघरातच सेंटिमीटरभर जाडीच्या कापांत चिरला आणि सिझलरच्या तापलेल्या बिडाच्या थाळीवर ठेवून आणला. वर लोण्याची वडी, आणि टेबलावर सॉस ओतला. दिसायला-ऐकायला झकास, पण कापलेले मांस त्या थाळीवर भाजतच राहते. दुसरा काप उचलेपर्यंत सगळे काप आरपार राखाडी झाले होते आणि थाळीत चरबीचा थर साचला होता. ज्या चरबीसाठी १६८ डॉलर भाव लावला, ती थाळीतच राहिली. लोणी तर या मांसाला लागतच नाही. परत पाठवल्यावर शेफचा निरोप आला, की ए५ असेच दिसते. तसे ते दिसत नाही. ही तवा सांभाळणाऱ्या एका माणसाची चूक नसून वाढण्याची पद्धतच चुकीची आहे. ती बदलेपर्यंत प्रत्येक ग्राहकाचा स्टेक असाच वाया जाईल.

‘ताजी किसलेली वासाबी’ (तिखट जपानी मूळ) असे लिहून गुळगुळीत, एकसारख्या गडद हिरव्या रंगाची पेस्ट दिली. किसलेली वासाबी रवाळ आणि फिकट असते.

मागण्या अशा: मागितलेला पदार्थ मिळालाच नाही, म्हणून ४०२.८६ डॉलर मूळ कार्डावर परत करावेत, केवळ ११९.९० चा फरक पुरेसा नाही, कारण जे कागोशिमा दिले तेही बिघडवूनच दिले. त्या दिवशीच्या स्ट्रिपलॉइनची खरेदी पावती आणि प्रतवारीचा दाखला यांच्या प्रती पाठवाव्यात. मेनूतले कोबेचे नाव व ‘ऑस्ट्रेलियन ए५’ ही ओळ तातडीने दुरुस्त करावी. ओळख क्रमांक रोजच्या रोज मेनूसोबत ठेवावा आणि कच्चा तुकडा भाजण्याआधी ग्राहकासमोर वजन करून दाखवावा.

पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास कन्झ्युमर्स असोसिएशन ऑफ सिंगापूरकडे तक्रार नोंदवली जाईल आणि त्यानंतर तिथल्या स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल्समध्ये दावा दाखल होईल.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, कार्डाचा व थाळीचा फोटो, ओळख क्रमांकाच्या दोन्ही शोधांचे फोटो, शाखेशी झालेला ईमेल व्यवहार