बर्फ किती पडला ते छापता, वारा किती सुटला ते पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हिमालयातल्या हिवाळी ट्रेकवर पानभर मजकूर आलाय, फोटो झकास आहेत, पण शेवटी एक ओळ आहे की बर्फ पडायचा थांबला आणि ऊन पडलं की निर्धास्त निघा. ती ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मागं एका फेब्रुवारीत आम्ही साताऱ्यातले आठजण उत्तराखंडात गेलो होतो, सगळी रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारी मंडळी, दोघंतिघं हिल मॅरेथॉनवाले, त्यामुळं दमाचा प्रश्न नव्हता, खरं तर थोडा माजच होता. दोन दिवस बर्फ पडला, तिसऱ्या दिवशी आभाळ निळंशार, वर धारेवरनं पांढरा धुरळा उडतोय आणि आम्ही मोबाईल काढून रील करतोय. गाइड तिथल्याच गावचा पोरगा, तो धुरळा बघून जागीच थांबला. "साब, उधर हवा ने भर दिया है, नहीं जाएंगे." आमच्यातला एकजण भडकलाच, पैसे भरलेत, लख्ख ऊन पडलंय, आता कसली भीती.

पोरानं वाद घातला नाही. फावडं काढून बाजूच्या बारक्या चढावर कमरेएवढा खड्डा खणला आणि मला हात घालायला लावला. वरचा हातभर थर टणक, ठोकला की पोकळ वाजायचा, आणि त्याच्याखाली चक्क साखर, कारखान्याच्या पोत्यातली दाणेदार असते ना तशी, मूठ वळली तरी गोळा होईना, बोटांतनं सांडायची. परत फिरलो तर सपाटीवर पायाखाली धप्प असा आवाज झाला आणि बर्फात वीसेक फूट चीर पळत गेली. सपाटी होती म्हणून हे पत्र लिहायला आहे. भडकलेला गडी रात्रीच्या जेवणापर्यंत एक शब्द बोलला नाही.

आता हे आपल्या भागात कळायला अवघड नाही हो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली जाऊन उभं रहा, वारा समोरनं मारतो तिथं काडी टिकत नाही, सगळा पालापाचोळा बांधाच्या पलीकडं आडोशाला साचतो. बर्फाचंही तसंच, वरनं एक कण न पडता आडोशाच्या उतारावर काही तासांत फूट-दोन फूट भर पडते, शिवाय वाऱ्यानं आपटून कण बारीक होतात, एकमेकांत घट्ट बसतात आणि त्याची लादी होते. खाली साखर, वर लादी आणि उतार 30 ते 45 अंशांचा, म्हणजे घराच्या जिन्याएवढा किंवा जरा जास्त, की एका माणसाच्या वजनानंसुद्धा अख्खी लादी सुटते. बहुतेक वेळा ती लादी ज्याच्या वजनानं सुटते तो गाडला गेलेला स्वतः असतो नाहीतर त्याच्या सोबतचा. तरी हेडिंग येतं 'निसर्गाचा कोप'.

साताऱ्याला हे नवं आहे का? 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनच्या सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं त्यात आपल्या माणमधल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी गेले, ते ड्युटीवर होते, आपण हौसेनं जातो. त्याच घटनेत गाडले गेलेले जवान हणमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले, नंतर दिल्लीत गेले, पण तेव्हापासनं लोकांच्या डोक्यात बसलंय की बर्फाखाली माणूस दिवसच्या दिवस तग धरतो. नाही धरत, तो अपवाद. पंधराएक मिनिटांत काढला तर बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नसतं, सोबतच्यानंच शोधायचं, त्याला प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर लागतो, म्हणजे बर्फाखालच्या माणसाचा सिग्नल पकडून तो कुठं आहे ते दाखवणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी लागते, फावडं लागतं. आमच्या आठजणांत फावडं एक, गाइडचं, बाकी शून्य. आयोजकाच्या यादीत गॉगल आणि सनस्क्रीन मात्र ठळक अक्षरात होतं.

चंदीगडची डीजीआरई, म्हणजे संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओचीच संस्था, हिमस्खलनाचे इशारे देते, ते तुमच्याकडं येतच असतील. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की तुम्ही पहिल्या पानावर फोटो टाकता, मग डिसेंबर ते मार्च शुक्रवारच्या अंकात त्या इशाऱ्याच्या चार ओळी टाकायला काय हरकत आहे? साताऱ्या-सांगलीतनं किती पोरं जातात तिकडं, शनिवारी रात्रीच्या गाडीनं पुणे आणि तिथनं पुढं.

माझा पुतण्या जानेवारीत चाललाय. त्याच्या आयोजकाला व्हॉट्सॲपवर विचारलं, वारा सुटला तर मार्ग बदलायचा निर्णय कोण घेतं, आणि ट्रान्सीव्हर देता का. उत्तर आलं, "सर टेन्शन नको, जेवण अनलिमिटेड आहे."

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा