सुहासला पत्र : ‘कोरिओलेनस’ बसवताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

‘कोरिओलेनस’ करायचं ठरवलंस हे वाचून फार आनंद झाला. शेक्सपिअरच्या रोमन नाटकांपैकी बहुतेक संस्था ‘ज्युलियस सीझर’ उचलतात, कारण त्यात टाळ्या घेणारी भाषणं आहेत. इथला रोमन सेनापती मार्शिअस (व्होल्शींचं कोरिओली शहर जिंकल्यावर त्याला ‘कोरिओलेनस’ म्हणतात) लोकांसमोर तोंड उघडतो आणि स्वतःचंच नुकसान करून घेतो. शेक्सपिअरच्या राजकीय नाटकांत मला हे सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. नायकाच्या शोधात आहेस असं लिहिलंयस. माझं ऐक, आधी जमाव शोध.

पहिल्याच प्रवेशात काठ्या-सोटे घेतलेले भुकेले नागरिक येतात. शेक्सपिअरसमोर ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने लिहिलेलं मार्शिअसचं चरित्र होतं, टॉमस नॉर्थच्या 1579 च्या इंग्रजी भाषांतरातलं. त्यात लोकांचा पहिला उठाव सावकारीविरुद्ध आहे, धान्याचा प्रश्न पुढे येतो. शेक्सपिअरने धान्य पहिल्या ओळींत आणलं. 1607 साली इंग्लंडच्या मध्य भागात कुंपणं घालून सामायिक जमिनी बळकावण्याविरुद्ध दंगे झाले होते आणि धान्य महागलं होतं. नाटक बहुधा 1608 चं. त्या प्रेक्षकाला ही भूक कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुझ्या प्रेक्षकाला ती नटांच्या अंगावर दिसली पाहिजे.

सहा-सात जण पुरे, पण प्रत्येकाची बाजू पक्की ठरव. एक खरोखर भुकेला, एक सूडाने पेटलेला, एक मार्शिअसच्या पराक्रमाची कदर करणारा, एक दुसरे काय म्हणतात ते बघून बोलणारा. संहितेत हे सगळे आहेत. जमाव फसतो तो सगळे एका सुरात ओरडतात तेव्हा: शब्द ऐकू येत नाहीत आणि मग नायकाची शिवीगाळ योग्यच वाटायला लागते. तालमीत सुरुवातीला नुसत्या बोलणाऱ्यांच्या ओळी घे, गलका नंतर भर. गलक्यातही प्रत्येकाला एक ठराविक वाक्य दे, म्हणजे पोकळ ‘हो हो’ होणार नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 1984 साली दिग्दर्शक पीटर हॉलने रंगमंचावर बसवलेल्या प्रेक्षकांनाच जमाव केलं होतं. कल्पना धाडसी आहे, पण तू त्या वाटेला जाऊ नकोस. कधी गप्प व्हायचं हे तालमीवाचून कळत नाही.

प्रत निवडतानाच एक गोष्ट तपास. 1623 च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला एकत्रित ग्रंथ; हे नाटक पहिल्यांदा छापलं गेलं ते तिथेच) पहिला नागरिक मार्शिअसवर उखडलेला आहे आणि दुसरा जरा समजुतीने घेणारा. मार्शिअसचा वयस्क उमराव मित्र मेनेनिअस आल्यावर मात्र त्याच्याशी वाद घालणारी सगळी वाक्यं फोलिओ दुसऱ्याच्या नावावर देतो. पुष्कळ संपादकांनी ती उचलून पहिल्याला दिली आहेत. दोन वेगळ्या प्रती तालमीत आल्या तर नट गोंधळतील. मी फोलिओबरोबर राहीन. समजूतदार माणूसही मेनेनिअसच्या पोटाच्या दाखल्याने (पोट सगळं अन्न घेतं, पण तेच सगळ्या अवयवांना पुरवतं, तसेच उमराव) गप्प बसत नाही, हे जास्त बोचतं. मेनेनिअसला गोड आजोबा करू नकोस. तो पोट आणि अवयवांची गोष्ट सांगतो त्या सगळ्या वेळात कोणालाही दाणा मिळालेला नाही.

नाटक सव्वातीन हजार ओळींच्या पुढे जातं. न कापता, लढायांसकट, तीन तास सहज होतील. पहिल्या अंकातला सातवा प्रवेश (जेमतेम सात ओळी) आणि चौथ्या अंकातला तिसरा, म्हणजे रोमन हेर आणि रोमच्या शत्रूंपैकी, व्होल्शी जमातीच्या, माणसाची भेट, बिनधास्त काढ. पाचव्या अंकातला पाचवा मात्र काढू नकोस. तोही काही ओळींचाच. हद्दपार होऊन व्होल्शी सैन्यासह रोमवर चालून आलेल्या मार्शिअसचं मन वळवून, रोम वाचवून परतलेल्या त्याच्या आईची, व्होलम्नियाची, मिरवणूक जाते, लोक जयजयकार करतात आणि ती एक शब्द बोलत नाही. त्यानंतर ती पुन्हा दिसतच नाही.

नट कमी असतील तर दुहेरी भूमिका नीट बसतात. रोमन सेनानी टायटस लार्शिअस तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशानंतर येत नाही, त्याला चौथ्या अंकात व्होल्शी सेनापती ऑफिडिअसचा दुय्यम अधिकारी कर. ट्रिब्यून (लोकांचा निवडलेला प्रतिनिधी) ब्रूटस पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशानंतर मोकळा होतो, तो शेवटी मार्शिअसला मारणारा कटवाला होऊ शकतो. रोमचे नागरिकच व्होल्शी सैनिक आणि ऑफिडिअसच्या घरचे नोकर होऊ देत. दोन्ही गावची माणसं तीच दिसली तर नाटकाला बळच मिळेल.

आता रक्त. कोरिओलीच्या दारात मार्शिअस एकटा आत कोंडला जातो आणि पंधरा-सोळा ओळींनी, म्हणजे मिनिटाच्या आत, रक्ताने माखून बाहेर येतो. दारामागे मदतीला दोन माणसं हवीत: एक चेहरा-मान, एक हात आणि छाती. पुढे रोमन सेनेचा प्रमुख कॉमिनिअस त्याला लांबून बघतो तेव्हा कातडी सोलल्यासारखा कोण येतोय असं विचारतो, त्यामुळे कपाळावर दोन ओघळ चालणार नाहीत. लिक्विड ग्लुकोज दोन वाट्या, पाणी अर्धी वाटी, लाल खाद्यरंग, चमचाभर कोको आणि निळ्या रंगाचे एक-दोन थेंब. कोको नसेल तर दिव्यांखाली रक्त गुलाबी दिसतं. हे मिश्रण चिकट आणि निसरडं असतं. ऑफिडिअसशी द्वंद्व लगेच आठव्या प्रवेशात आहे, म्हणून तलवारींच्या मुठींना सुती पट्टी गुंडाळ आणि दारामागे तळवे पुसायला गोणपाट टाक.

धुवायला वेळ शेक्सपिअरनेच ठेवलाय. नवव्या प्रवेशाच्या शेवटी तो जातो आणि दुसऱ्या अंकात मिरवणुकीने येईपर्यंत जवळपास 190 ओळी आहेत, म्हणजे नऊ-दहा मिनिटं. बहुतेक जण नेमकी इथेच मेनेनिअस आणि ट्रिब्यूनांची गद्य चकमक कापतात आणि मग ओक-पानांचा मुकुट घातलेला वीर कानामागे लाल घेऊन येतो. कापायचंच तर नटाला धुवायला पाच मिनिटं राहतील एवढं ठेव.

जखमा प्रेक्षकालाही दाखवू नकोस. प्लूटार्कचा मार्शिअस कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च पदासाठी मतं मागताना लोकांना व्रण दाखवतो. शेक्सपिअरचा दाखवत नाही. आई आणि मेनेनिअस त्या भर रस्त्यात मोजतात, पंचवीसच्या सत्तावीस झाल्या म्हणून आनंदतात, आणि मुलाला त्या झाकायच्या असतात. साध्या अंगरख्यात उभं राहून मतं मागायचा प्रवेश त्या झाकण्यावर चालतो. नागरिकांना एकदम आणू नकोस, एकेक-दोनदोन येऊ देत. दर वेळी त्याला नव्याने मागावं लागलं पाहिजे. ट्रिब्यूनांना खलनायक करू नकोस. ते डावपेच खेळतात, पण हा माणूस कॉन्सल झाला तर आपलं पद टिकणार नाही हा त्यांचा हिशेब बरोबर आहे.

नायकाला स्वगतं फार थोडी आणि तीही आखूड आहेत. नट ‘आतलं’ दाखवायला चेहऱ्याचा आधार घेईल, त्याला अडव. सगळं साठवून ठेवायचंय ते पाचव्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशासाठी, जिथे आई व्होलम्निया त्याला रोम वाचवायची विनवणी करते. तिथे फोलिओत सूचना आहे: तो तिचा हात धरतो, गप्प. त्याआधी व्होलम्नियाने ‘चला, जाऊ या’ म्हटलेलं असतं, म्हणून ती वळलेली, दोन पावलं निघालेली हवी. हात त्याने पुढे करायचा, तिने नाही. संगीत नको, प्रकाश बदलू नको. स्तब्धता किती सेकंद हे मोजून ठरवू नकोस. रोज त्याला बोलावंच लागेल तेव्हा तो बोलेल. ऑफिडिअस दोघांच्या मागे, प्रेक्षकांना पूर्ण दिसेल असा उभा कर. मृत्यूचा निर्णय त्याच्या चेहऱ्यावर त्याच वेळी होतो.

बेथोव्हेनचं ‘कोरिओलान’ वापरायचा मोह होईल. ते 1807 चं संगीत हाइनरिश फॉन कोलिनच्या जर्मन नाटकासाठी आहे, शेक्सपिअरच्या नाही, आणि त्यातली शोकमग्न भव्यता इथे नायकाला फुकटची सहानुभूती मिळवून देते.

शेवटच्या खुनाबद्दल: 1959 साली स्ट्रॅटफर्डला नट लॉरेन्स ऑलिव्हिए उंच कठड्यावरून पुढे कोसळून घोट्यांवर उलटा लटकला होता. ते करायला जाऊ नकोस. संहितेत आहे तेच पुरेसं भयंकर आहे: कटवाले मारतात, तो पडतो आणि ऑफिडिअस त्याच्या अंगावर उभा राहतो. नटाला पालथा पाड आणि ऑफिडिअसचं वजन जमिनीवरच्या पायावर ठेव. दुसरा पाय पाठीच्या वरच्या भागावर नुसता टेकलेला, कण्यावर कधीही नाही. प्रेत उचलायला ऑफिडिअस तिघा सैनिकांना बोलावतो आणि चौथा स्वतः होतो. दोघं खांद्यांशी, दोघं मांड्यांशी, आणि उचलायची खूण ऑफिडिअसनेच द्यायची. ही उचल पहिल्या आठवड्यापासून रोज करून घे.

कापलेली संहिता तयार झाली की पाठव. दुसरा अंक मी आधी वाचेन.

तुझा,
माधव