सूट फक्त दहावीलाच का?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या पोरांचं कसं असतं बघा, घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेची पुस्तकं इंग्लिशमधे आणि वरून संस्कृत. बहुतेक मुलं निभावून नेतात. पण माझ्या भाच्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे डोकं चांगलं पण वाचता-लिहिताना अडतं, सहावीत आहे, तोंडी विचाराल तर सायन्सचा अख्खा धडा धडाधड सांगतो आणि वहीत तीन ओळींपुढे पेन हलत नाही. सर्टिफिकेट आहे, सगळं आहे. ताईने शाळेत अर्ज दिला की संस्कृतमधून सूट द्या आणि पेपरला थोडा जास्त वेळ द्या, तर मॅडम म्हणाल्या ते सगळं बोर्डाला असतं, दहावीत बघू, तोवर तुम्ही घरी मराठी बोलणं बंद करा. म्हणजे आता आजीशीपण हिंदीतच बोलायचं का पोराने?

2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा काढून वाचा. 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात डिस्लेक्सियाही येतो, आणि कलम 17 मधे जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सरळ लिहिलंय, फक्त दहावीपुरतं असं त्यात कुठेही नाही. 2021 मधे सुप्रीम कोर्टाने तर प्रायमरीत अशा 10 मुलांमागे आणि वरच्या वर्गांत 15 मुलांमागे एक स्पेशल टीचर हवा असं सांगितलं. आमच्याकडे रॅम्प बांधला की झालं! बाकी शॅडो टीचर, म्हणजे वर्गात पोराजवळ बसून मदत करणारे, तुम्ही ठेवा, पगारही तुम्हीच द्या.

ताई-भाऊजी दोघं नोकरी करतात म्हणून निदान ट्यूशनचं तरी जमतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा मला अगदी तसाच वाटतो, पण तपासणीला सरकारी दवाखान्यात चकरा मारायच्या तर त्यांची रोजची चार घरं सुटतात, मग कागद नाही आणि कागद नाही म्हणून सूट मागायचा प्रश्नच नाही, वर्गात त्याला सरळ मठ्ठ म्हणतात. हक्क दोघांचा सारखाच ना?

तपासणी शाळेतच झाली पाहिजे, डॉक्टरांनी तिथे यावं. आणि तुमच्या वार्ताहराने शहरातल्या शाळांना एवढंच विचारावं की स्पेशल टीचर कोण आणि कोणत्या वारी येतात. एप्रिलमधे नवं सेशन सुरू होतं, त्याआधी छापलंत तर बरं, ताईला परत तोच अर्ज द्यायचाय.

एक वाचक, सुदामा नगर, इंदूर